बाईंची चौकशी

आमच्या घरात एक कसब होतं आणि तरुणपणी मला त्याचा फार ताठा होता. चौकशी करण्याचं कसब. कुणाच्या पोरीचं लग्न जुळत आलं, की सुपारी फुटायच्या आधी मंडळी माझ्या वडिलांकडे यायची. "काका, एकदा पाहून या ना." मग बाबा टोपी झटकून एस.टी.त बसायचे, त्या गावी उतरायचे, आणि आपण कोण, कशाला आलो, याचा कुणाला पत्ता लागू न देता संध्याकाळपर्यंत त्या घराची सगळी हकीकत घेऊन परत यायचे. पद्धत ठरलेली. आधी किराणा दुकान. मग न्हावी. आणि सगळ्यात शेवटी त्याच घराच्या दारात उभं राहून प्यायला पाणी मागायचं. पाणी द्यायला कोण उठतं, तांब्या विसळून देतं की तसाच भरून देतं, यावरून बाबा निम्मं घर ओळखायचे. त्यांच्या शब्दावर किती सोयरिकी झाल्या आणि किती मोडल्या, गणतीच नाही.

मी हे सगळं त्यांच्याबरोबर हिंडून शिकलो होतो. आणि ते मी आयुष्यात एकदाच एकट्यानं वापरलं. लग्नासाठी नाही. एम.ए.च्या वर्गांना मुख्य नेमायचा होता, त्यासाठी.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बुलढाणा जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघत होती. चिखलीहून एस.टी.नं पाऊण तासावर आमचं गाव. तिथंही एक निघालं होतं, एका जिनिंगच्या जुन्या गोदामात. वर्गात सरकीचा वास यायचा आणि वारा सुटला की कुठूनतरी कापसाचा पुंजका उडत येऊन पोरांच्या वहीवर बसायचा. मी तिथं अर्थशास्त्र शिकवायचो. वय अठ्ठावीस. अंगात कोट, खिशाला पेन, आणि गावातली म्हातारी माणसंसुद्धा 'सर' म्हणायची. डोकं फिरायला अजून काय लागतं?

तर संस्थेच्या मनात आलं, की आपल्याकडे एम.ए. काढायचं. विद्यापीठ म्हणालं, काढा, पण मुख्य म्हणून डॉक्टरेट झालेला, कॉलेजात शिकवलेला माणूस आणा, त्याच्याशिवाय परवानगी नाही. जाहिरात दिली. तीन अर्ज आले.

आता माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगतो, कारण हे सगळं तिच्याच जिवाशी होतं. ती त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होती, माझ्याच हाताखाली. वर्गात पहिली. भाऊ शिकवतो म्हणून पहिली, असं लोक म्हणायचे, आणि मीही ते खुशाल म्हणू द्यायचो. तिला एम.ए. करायचं होतं. नागपूरला पाठवायचं नाव काढलं की बाबा पानाचा डबा मिटून उठून जायचे. पण एम.ए. आमच्याच गावात निघतंय म्हटल्यावर ते जरा नरमले. एके दिवशी जेवताना त्यांनी निकालच दिला.

"इथंच निघालं, अन् वर कोणी बाई असली, तर शिक. नाई तर या वैशाखात पाहुणे बोलावतो."

त्या तीन अर्जांत एक अर्ज बाईचा होता. हे बहिणीला माझ्याकडूनच कळलं होतं. त्या दिवसापासून तिचा सगळा जीव त्या एका अर्जात अडकला.

तिसऱ्या माणसानं अर्ज मागे घेतला. उरले दोन. एक नागपूरचे निवृत्त प्राध्यापक, अध्यक्षांच्या ओळखीतले, कान थोडे गेलेले. दुसऱ्या या बाई. मूळच्या जळगाव जामोदच्या. आठ वर्षं नागपूरच्या कॉलेजात शिकवलेलं. वऱ्हाडातल्या कापूस बाजारावर डॉक्टरेट, त्यासाठी मोंढ्यामोंढ्यांतून हिंडलेल्या. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरी आल्या, आणि गावातच पोरींच्या शाळेत शिकवत होत्या. कागदावर दोघांची बरोबरीच नव्हती. आमचे प्राचार्य भिडस्त माणूस, पण तेसुद्धा म्हणाले, "बाईच घ्यायला पाहिजे."

अध्यक्ष म्हणाले, "घेऊ ना. पण बाईमाणूस आहे. मुलाखतीले बोलवाच्या आधी चौकशी झाली पाह्यजे."

म्हाताऱ्या प्राध्यापकांची चौकशी करावी असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा ते अगदी सरळ वाटलं होतं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मास्तर, हे तं तुमच्या घरचंच काम आहे." आणि मी खुर्चीत दोन बोटं वर आलो.

बहिणीला मी सांगितलं, की बाईंकडे जायला निमित्त पाहिजे, तुझी अर्थशास्त्राची वही दे. बहिणीच्या अडचणी घेऊन आलेला भाऊ म्हणून जाईन. तिनं वही दिली, पण देताना जरा घुटमळली.

"समासात मी काई-बाई लिहून ठेवलं आहे. तू पाहू नको."

मला पाहायची गरजच नव्हती. वहीत काय आहे ते मला ठाऊक होतं. मीच सांगितलेलं होतं सगळं.

"दादा," ती दारापर्यंत आली, "चांगलं सांगजो हं."

"तू काऊन घाबरतं? आपल्या हातातलं काम आहे," मी म्हणालो.

पहिल्या गाडीनं खामगाव, तिथून नांदुरा, तिथून जळगाव जामोद. सातपुडा दिसायला लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फाल्गुनच होता, पण आमच्याकडचं ऊन पंचांग पाहत नाही. बाबांच्या पद्धतीप्रमाणे आधी किराणा दुकान गाठलं. बाईंचं नुसतं नाव काढलं तर दुकानदार हातातलं माप खाली ठेवून बोलायला लागला. त्याच्या दोन्ही पोरी बाईंच्या शाळेत होत्या आणि आता घरी त्याच्याशीच वाद घालायच्या, याचं त्याला कोण कौतुक! न्हाव्यानं सांगितलं, की तो दर गुरुवारी बाईंच्या वडिलांची दाढी करायला घरी जातो, आणि बाई स्वतः पाणी गरम करून देतात, शेजारी उभ्या राहतात. "लेकराले जपावं तसं बापाले जपते ते बाई," तो म्हणाला. आता पाणी मागायचं तेवढं उरलं.

दार उघडंच होतं. हाक मारली तर आतून एक म्हातारा आला. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर गोल टोपी, सदऱ्याला ठिकठिकाणी कापसाचे तंतू चिकटलेले. त्यानं तांब्या माझ्या डोळ्यांदेखत दोनदा विसळला, भरला, आणि वर हातावर गुळाचा खडा ठेवला. "पयले गूळ खाओ भाऊ. उन्हातून आले. खाली पोटी पानी बाधते."

बाबा असते तर तिथूनच परत फिरले असते. सोयरीक पक्की!

मी आत गेलो. बाईंचे वडील खाटेवर पडून होते. म्हातारा मला बसायला सांगून त्यांच्याकडे वळला, एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून त्यांना हलकेच कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली. हे तो रोज सकाळ-संध्याकाळ येऊन करायचा. शेजारीच त्याचं गाद्या भरायचं दुकान. बाई त्याला चाचा म्हणायच्या. "हा अन् मी एका बाकावर होतो शाळेत," चाचा म्हणाला. "गणितं हाच करून दे मले. आता त्याची फेड करून राह्यलो." खाटेवरचा माणूस अर्ध्या तोंडानं हसला.

शनिवार होता, शाळा सकाळची. बाई घरीच होत्या. चाळिशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. मी ठरल्याप्रमाणे थाप मारली. कापडाच्या दुकानात असतो, बहीण कॉलेजात आहे, अर्थशास्त्र कळत नाही म्हणून रडते, कुणीतरी तुमचं नाव सांगितलं.

"बसा भाऊ. एवढ्या लांबून आलात बहिणीसाठी!" त्या म्हणाल्या आणि वही उघडली.

पहिली काही पानं त्यांनी नुसती उलटली. मग एका ठिकाणी थांबल्या आणि फस्सकन हसल्या. आत जाऊन एक पुस्तक आणलं. गाईड होतं. कुठलं ते मी लांबूनच ओळखलं, कारण त्याची दुसरी प्रत माझ्या टेबलाच्या खणात होती.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणीच्या सरांनी गाईड जसंच्या तसं उतरवून दिलंय. आणि गंमत अशी, की या पानावर छापणाऱ्यानं दोन ओळी उलट्यापालट्या केल्यात. त्यामुळे मागणी कमी झाली की भाव वाढतो, असं झालंय. सरांनी तेही तसंच दिलं! पोरांना उलटं शिकवतोय हा माणूस, आणि त्याला पत्ता नाही."

माझे कान तापले. मी दुकानातला माणूस होतो. मला काय कळणार? मी हसलो. बरोबर हसलो त्यांच्या.

त्यांना माझी दया आली असावी, म्हणजे त्या सरांची. "तरुण असतील हो. वर्ग खूप असतील. पुस्तक उघडायला फुरसत मिळत नसेल बिचाऱ्यांना." त्या 'बिचाऱ्यांना'नं माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मग त्यांनी समास वाचायला सुरुवात केली आणि हसणं थांबलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मोठ्यानं वाचायला लागल्या. बहिणीनं बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं: पाणी लागतं सगळ्यांना पण फुकट मिळतं आणि हिरा लागत नाही कुणाला पण महाग, असं सर म्हणतात, पण आमच्याकडे वैशाखात पाणी फुकट कुठं असतं? दुसरीकडे लिहिलं होतं: कापूस घराघरात येतो तेव्हाच भाव पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे, तर मग सगळे तेव्हाच का विकतात? हौस म्हणून विकतात का? असे वीस-पंचवीस प्रश्न. त्यातला एकही तिनं मला वर्गात विचारला नव्हता. घरीही नाही. भावाची फजिती होईल म्हणून, दुसरं काय!

"कोण पोरगी आहे ही?" बाई म्हणाल्या. "हिचं एम.ए. झालंच पाहिजे. ऐका भाऊ, तुमच्या गावच्या कॉलेजात मी अर्ज केलाय. अजून काही कळवलं नाही त्यांनी. पण माझं झालं ना, तर हिला मी पहिल्या बाकावर बसवीन. ही वही राहू द्या माझ्याकडे. एकेक प्रश्नाचं उत्तर लिहून टपालानं पाठवते."

वहीच्या पुठ्ठ्यावर नाव, वर्ग, गाव, सगळं होतं. नाही कसं म्हणणार?

चाचा मला स्टँडपर्यंत सोडायला आला. माझी पिशवी त्यानं माझ्या हातात राहू दिली नाही. गाडीत चढून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहिला. "पोचले का कार्ड टाका भाऊ!" म्हणून ओरडला.

नांदुऱ्यापर्यंत मी नुसता जळत होतो. एवढ्या लायक बाई, एवढं सुरेख घर, बहिणीचं नशीब दाराशी आलेलं, आणि मी खिडकीतून बाहेर पाहत एकच गोष्ट घोळवत होतो, की ही बाई आली तर महिन्याभरात तिला कळणार 'तो सर' कोण. आणि मग साऱ्या कॉलेजला कळणार. बिचारा! मी मनातल्या मनात बाईंना घमेंडखोर ठरवलं. खामगाव येईपर्यंत माझी स्वतःची खात्रीही पटली.

बुधवारी बैठक झाली. मी हकीकत सांगितली. दुकानदार काय म्हणाला, न्हावी काय म्हणाला, सगळं खरं सांगितलं. मंडळी माना डोलवत होती. प्राचार्य म्हणाले, "मग बोलावूच मुलाखतीला." तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं,

"घरात पुरुषमाणूस कोण?"

"वडील आहेत. पण खाटेवर आहेत, उठता येत नाही."

"मंग?"

इथं मी थांबलो. एक क्षणभर. मला सगळं नीट सुचत होतं, कुणी असं समजू नका की तोंडातून निसटलं.

"शेजारचा एक जण असतो घरात," मी म्हणालो. "मुसलमान आहे. गाद्या भरतो. सकाळ-संध्याकाळ येतो."

एवढंच. एकही शब्द खोटा नाही. तो सत्तरीचा आहे, हे मी सांगितलं नाही. तो बाईंच्या वडिलांना कुशीवर वळवायला येतो, हे सांगितलं नाही. गुळाचा खडा सांगितला नाही. कुणी विचारलंही नाही. अध्यक्षांनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं, एकानं तंबाखूची चंची काढली, आणि दोन मिनिटांत निवृत्त प्राध्यापकांचं नाव कायम झालं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाशी पडलेली सरकी बुटानं सरकवत राहिलो.

गावात गोष्ट राहते थोडीच! दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या पोरींच्या तोंडी झालं. बहीण घरी आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली.

"दादा, लोक काय बोलून राह्यले? तू गेलता ना तिथं? तू पाह्यलं ना घर?"

"जे पाह्यलं तेच सांगतलं मी," मी खेकसलो. "मी काय खोटं बोलू?"

 ओसरीवरून बाबा म्हणाले, "त्या माणसाचं वय काय होतं?"

"कोणी इचारलं नाई."

"मी इचारून राह्यलो."

 बाबांनी उत्तराची वाट पाहिली आणि मग पानाला चुना लावायला लागले. "वय सांगितल्याबिगर अशी गोष्ट सांगत नसतात," एवढं म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याही चौकशीला बरोबर नेलं नाही.

शनिवारी टपालानं वही आली. बहिणीनं दोरा सोडला आणि तिथंच बसली. समासातल्या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा कागद, स्वच्छ अक्षरात, आणि मागणीच्या पानावर त्या दोन उलट्या ओळी लाल शाईनं सरळ केलेल्या. वर एक पत्र. ती मोठ्यानं वाचायला लागली. मी तिथून उठायला हवं होतं, पण बसूनच राहिलो.

बाईंनी लिहिलं होतं, की कापडाच्या दुकानातली नोकरी सांभाळून तुझा भाऊ एवढ्या लांब आला, असे भाऊ थोड्यांना मिळतात, त्याला जप. एम.ए. सोडू नकोस, मी आले तरी आणि नाही आले तरी. आणि शेवटी लिहिलं होतं: 'आमचे चाचा सत्तरीचे आहेत, त्यांना धीर नाही. तुझ्या भावाला गाडीत बसवून आले, तेव्हापासून माझ्या वडिलांची कूस बदलायला आले की रोज विचारतात, पाहुणे पोचले का, कार्ड आलं का? तेवढं एक कार्ड टाका.'

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग वर पाहिलं.

"हाच का तो, दादा?"

"हाव," मी म्हणालो.

"सत्तर वर्षांचा म्हातारा."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं. पण ती उठली आणि माझ्या चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या. "सोमवारी प्रस्ताव जाते विद्यापीठाकडे. आज शनवार आहे. अजून काई गेलं नाई. जाय दादा. अध्यक्षाले सांग, म्हातारा आहे म्हणा, बाईच्या बापाले पाहाले येते म्हणा. आताच जाय."

मी गेलो. खरंच गेलो. अध्यक्ष जिनिंगच्या आवारात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, मोठ्या खुशीत. "या मास्तर! चहा घ्या." मी चहा घेतला. सगळा, बशी निथळून. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग बुधवारी काऊन नाही बोललात? याला माझ्याकडे काय उत्तर होतं? मला बाईंनी बिचारा म्हटलं, म्हणून?

"बोला, काय काम काढलं?" त्यांनी विचारलं.

आणि मी, लाज वाटते लिहायला, मी विचारलं, "प्रस्तावाच्या प्रती किती लागतील?"

"सहा."

"मी टाइप करून आणतो," मी म्हणालो.

घरी आलो तर बहीण दारातच होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला तेही सांगायची हिंमत झाली नाही. म्हणालो, "सांगतलं मी. लय सांगतलं. भांडलो. पण ते ऐकाले तयार नाई."

तिनं माझ्या हाताला धरून मला आत नेलं. पाट मांडला. बाबा शेजारच्या पाटावर आधीच बसलेले होते. तिनं गरम भाकरी माझ्या ताटात वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे दादा. तू बोलला ना माह्यासाठी. लय झालं." बाबांनी मान वर केली नाही. ते जेवत राहिले. मीही ती भाकरी खाल्ली.

रविवारी कॉलेजच्या ऑफिसात एकट्यानं बसून सहा प्रती मी स्वतःच्या बोटांनी टाइप केल्या.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. निवृत्त प्राध्यापक आधी आठवड्याला यायचे, मग पंधरवड्याला, मग तब्येत बरी नाही म्हणून पत्र यायचं. विद्यापीठाची समिती एकदा आली, रिकामे बाक पाहून गेली आणि दोन वर्षांत एम.ए. बंद झालं. बहिणीचं त्याच वैशाखात लग्न झालं, मोताळ्याला दिलं. माणसं चांगली मिळाली. ती चौकशी बाबांनी एकट्यानं केली होती.

पण लग्नाच्या आधी तिनं एक काम केलं. बाईंना पत्र लिहिलं. माझा भाऊ कापडाच्या दुकानात नाही, तो त्याच कॉलेजात सर आहे, चौकशीला आला होता, त्यानं तुमच्यासाठी अध्यक्षांशी भांडण केलं पण त्याचं काही चाललं नाही, त्याला क्षमा करा, असं. ही सगळी हकीकत मला बाईंचं कार्ड आलं तेव्हा कळली. ते कार्ड माझ्या नावानं होतं. त्यांनी माझे आभार मानले होते. आणि लिहिलं होतं, की तुम्हीच ते सर, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्या तोंडावर तुमच्याविषयी वाटेल ते बोलले, त्याची मला लाज वाटते, माफ करा.

त्यांना लाज वाटत होती! मी त्या कार्डाला उत्तर पाठवलं नाही. चाचालाही शेवटपर्यंत कार्ड टाकलं नाही. तुम्ही म्हणाल, दोन ओळी लिहायच्या होत्या. पण पहिली ओळ काय लिहायची असते अशा वेळी, ते मला अजूनही ठाऊक नाही. बाई पुढे त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. बहिणीला त्या वर्षानुवर्षं पुस्तकं पाठवत. मी ते गाईड मात्र त्याच महिन्यात फेकून दिलं, आणि पुढची तीस वर्षं रोज रात्री पुस्तक उघडून मगच वर्गात गेलो. पोरं मला चांगला शिक्षक म्हणतात. ऐकलं की मला ती लाल शाई आठवते.

गेल्या साली बहिणीची नात एका विद्यापीठात अर्थशास्त्राची विभागप्रमुख झाली. मोताळ्याला घरी चार माणसं जमली होती, शिरा केला होता. बहिणीनं ती वही पेटीतून काढली, पिवळी पडलेली, आणि सगळ्यांना दाखवली. मग नेहमीची गोष्ट सांगितली. माझ्या दादानं माझ्या शिक्षणासाठी अध्यक्षांशी भांडण केलं होतं, नोकरीची पर्वा केली नाही, तेव्हा असं कोण करायचं! ही गोष्ट तिनं पोरांना सांगितली, सुनांना सांगितली, आता नातवंडांना सांगते. नात उठून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाटीतला शिरा संपवला.

बहिणीला आता डोळ्यांनी वाचता येत नाही. माझं कुठं काही छापून आलं, की ती नातीला समोर बसवते. वाच म्हणते, माह्या दादानं काय लिहिलं ते वाच. नात एक अक्षर गाळत नाही. हेही ती तशीच वाचून दाखवेल. म्हणून इथं लिहून ठेवतो, तोंडानं जमलं नाही ते: मी त्या शनवारी काहीच बोललो नव्हतो वं बाई. प्रती किती लागतात, एवढंच इचारून आलो होतो.